डिस्प्ले येत नाही

नवी मुंबईच्या संगणक-इतिहासावर जे काही छापून येतं, त्यात वाशी स्टेशनच्या माथ्यावरचं इन्फोटेक पार्क असतं, महाप्याचं मिलेनियम बिझनेस पार्क असतं, ऐरोलीच्या काचेच्या इमारती असतात. ते सगळं खरं आहे. पण त्याच वर्षांत तुर्भ्याच्या गाळ्यांतून, टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पोटमाळ्यांवरून आणि कॉलेजांच्या लॅबमधून आणखी एक धंदा चालला होता, त्याची नोंद मला कुठे सापडली नाही. लिनक्स टाकलेल्या मशीनचा पडदा काळा झाला, की तो परत आणून देण्याचा धंदा. फोनवर त्याचं नाव एकच असायचं : ‘डिस्प्ले येत नाही.’ मी त्या धंद्यात वाढले, अजून त्यातच आहे, म्हणून ही नोंद मी करते.

माझे वडील माथाडी. घाऊक बाजार मसजिद बंदरातून तुर्भ्यात आला तसं आमचं बिऱ्हाडही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मी तुर्भ्यातल्या एका असेंबल्ड मशीन जोडणाऱ्या गाळ्यात लागले. माल लॅमिंग्टन रोडवरून यायचा. मदरबोर्ड एका दुकानातून, डिस्प्ले कार्ड दुसरीकडून, मॉनिटर जो स्वस्त मिळेल तो. एकसारखी दोन मशीनं क्वचितच बनायची, आणि पुढची सगळी डोकेदुखी आणि सगळं शिक्षण या एका गोष्टीतून आलं.

लिनक्स आमच्यापर्यंत पोचलं ते मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांवरून. ‘पीसीक्वेस्ट’नं १९९६ सालीच स्लॅकवेअरची सीडी वाचकांच्या हातात दिली होती. पुढे रेड हॅटवर बेतलेल्या सीड्या येत गेल्या. डायल-अपवर सहाशे एमबी उतरवून घेणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून एकेक सीडी हातोहात फिरायची. इन्स्टॉलेशन बहुतेक वेळा बिनबोभाट पार पडायचं. शेवटी ‘स्टार्टएक्स’ टाइप करून एंटर दाबलं, की खरी परीक्षा सुरू.

या ‘एक्स’चं कूळ सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम उभी केली. स्टॅनफर्डमधून आलेल्या ‘डब्ल्यू’ नावाच्या प्रणालीवरून ती निघाली. अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७मध्ये आली आणि त्याच आवृत्तीचा करार आजही पाळला जातो. चित्र काढणारा, कीबोर्ड-माउस सांभाळणारा एक सर्व्हर. बाकी सगळे प्रोग्रॅम त्याचे ग्राहक, ते त्याच्याकडे खिडकी मागतात, अक्षर मागतात, रेघ मागतात. साध्या पीसीवर हे चालवण्यासाठी १९९२ साली एक्सफ्री८६ हा गट जमला. सगळं काम फुकट आणि खुलं. आमच्या सीड्यांवर असायचं ते हेच एक्सफ्री८६.

त्या काळी हा सर्व्हर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकारानं चालायचा आणि कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बाजूला ठेवून थेट डिस्प्ले कार्डाच्या मेमरीत आणि रजिस्टरांत हात घालायचा. म्हणून तो कोसळला की नुसता स्वतः कोसळायचा नाही. कार्ड अर्धवट अवस्थेत सोडून जायचा. पडद्यावर रंगीत पट्टे किंवा निव्वळ काळोख. खाली कर्नेल, हिशेबाचा डेटाबेस, छपाईची रांग हे सगळं बऱ्याचदा व्यवस्थित चालू असायचं, पण समोर बसलेल्या माणसाला ते दिसणार कसं? त्याच्या लेखी मशीन मेलेलं.

आमच्या धंद्यातला पहिला धडा त्यामुळे हा होता की आधी मशीन जिवंत आहे का ते पाहा. न्यूम लॉक दाबायचं. दिवा लागतो-विझतो म्हणजे कर्नेल जागं आहे. मग कंट्रोल-आल्ट-एफ१ दाबून काळ्या टेक्स्ट पडद्यावर जायचा प्रयत्न. तेही जमलं नाही तर शेजारच्या मशीनवरून पिंग, मग टेलनेट किंवा एसएसएच. आत शिरता आलं की अर्धी लढाई जिंकली. बाजारातल्या एका पेढीवर म्हाताऱ्या दिवाणजींनी मला दारातच सांगितलं होतं, “ताई, खेळ खलास. मार्च एन्डिंगचं सगळं त्यातच होतं.” मी शेजारच्या मशीनवरून आत शिरले आणि त्यांच्या खातेवहीची फाइल त्यांना तिथेच उघडून दाखवली. “हे बघा काका, तुमचं सगळं जागेवर आहे. फक्त पडदा गेलाय.” ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. असा दिलासा देता येणं, हे या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटत आलं आहे.

बाजारात तेव्हा, आणि आजही, दुरुस्तीचा सोपा मार्ग ठरलेला : ‘फॉरमॅट मारा.’ दोन तासांत नवं कोरं मशीन, ग्राहकाचा डेटा गेला तर त्याचं नशीब. लिनक्सवर ही सवय चालली नाही, कारण फॉरमॅट मारून पुन्हा तीच सीडी टाकली तर पडदा पुन्हा तिथेच काळा व्हायचा. कारण शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. व्हार-लॉगमधली एक्सफ्री८६ची नोंदवही उघडायची आणि ज्या ओळींपुढे कंसात ‘ईई’ आहे त्या वाचायच्या. ईई म्हणजे चूक, डबल्यूडबल्यू म्हणजे नुसता इशारा. नवशिका शेवटची ओळ वाचतो, ‘नो स्क्रीन्स फाउंड’, आणि मॉनिटरची केबल हलवत बसतो. ती ओळ सर्व्हरनं हार मानल्याचं सांगते, हार का मानली ते वीस-तीस ओळी वर असतं. ड्रायव्हरचं मॉड्यूल सापडलं नाही, कर्नेलचं एजीपीचं मॉड्यूल चढलं नाही, किंवा कार्डाला झेपेल असा एकही मोड (पडद्याचं माप आणि वारंवारिता) मॉनिटरच्या हद्दीत बसला नाही.

हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त. आणि त्याबद्दल मी जरा सविस्तरच लिहिणार आहे, कारण ही विद्या आता जवळपास संपली.

पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला किती आडव्या रेघा ओढू शकतो याची एक मर्यादा असते. ती किलोहर्ट्झमध्ये, मॉनिटरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. असेंबल्ड मशीनबरोबर पुस्तिका कोण जपून ठेवतं? मग मॉनिटर उलटा करून मागचा कागदी छाप वाचायचा, नाहीतर लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला फोन करायचा. एक्सफ्री८६च्या कॉन्फिग फाइलीत हे आकडे हातानं लिहावे लागत, आणि प्रत्येक मोडसाठी एक ‘मोडलाइन’. १०२४ बाय ७६८ या पडद्याची साठ हर्ट्झची मोडलाइन मला आजही तोंडपाठ आहे. पिक्सेलचा वेग ६५ मेगाहर्ट्झ. एका रेघेत दिसणारे ठिपके १०२४, पण झोत परत डावीकडे यायला लागणारा वेळ धरून एकूण १३४४. आडव्या रेघा दिसणाऱ्या ७६८, एकूण ८०६. आता भागाकार करा : साडेसहा कोटी भागिले १३४४ म्हणजे सेकंदाला सुमारे ४८,३६० रेघा, म्हणजे ४८.४ किलोहर्ट्झ. त्याला ८०६नं भागलं की सेकंदाला साठ चित्रं. ज्या चौदा इंची मॉनिटरची हद्द ३८ किलोहर्ट्झला संपते, त्याला हे झेपणार नाही. त्यावर ८०० बाय ६००, तेही साठ हर्ट्झवरच : ३७.९ किलोहर्ट्झ. जेमतेम बसतं.

आकडा चुकला तर मॉनिटर बारीक शीळ घालायचा. एक्सफ्री८६च्या कागदपत्रांत स्पष्ट इशारा असायचा की चुकीच्या वारंवारितेनं जुना मॉनिटर कायमचा खराब होऊ शकतो. त्यामुळे नवी मोडलाइन लावताना एक हात कायम कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेसवर. त्या तीन कळांनी एक्स जागच्या जागी मरायचा. गाळ्यातल्या पोरांना मी आधी तीन कळा शिकवत असे, मग बाकीचं. साठ हर्ट्झवर ट्यूबलाइटखाली पडदा लुकलुकतो, दिवसभर बसणाऱ्याचं डोकं दुखतं. चांगला मॉनिटर असेल तर ७५ हर्ट्झची मोडलाइन लिहून द्यायची. हे काम बिलात दिसायचं नाही, पण डेटा एन्ट्रीला बसणाऱ्या मुली आवर्जून सांगायच्या की आता डोळे चुरचुरत नाहीत.

दुसरा मोठा शत्रू वीज. खाडीपलीकडे मुंबईत भारनियमन ही वर्तमानपत्रातली बातमी होती, आमच्याकडे ते वेळापत्रक होतं. यूपीएसची बॅटरी दमलेली, लाइट गेली की मशीन धाडकन बंद. तेव्हाची एक्स्ट-२ फाइल सिस्टिम हे सोसत नसे. परत लाइट आली की तपासणी, आणि त्यात एखादी फाइल गहाळ. रेड हॅट ७.२पासून, म्हणजे २००१च्या अखेरीस, एक्स्ट-३ आली आणि हे प्रकार बरेच कमी झाले. पण तोवर एका ‘एरर’च्या संदेशाशी माझी जन्माची ओळख झाली होती : ‘कुड नॉट ओपन डिफॉल्ट फॉन्ट फिक्स्ड.’ एक्सला उभं राहायला ‘फिक्स्ड’ नावाचा एक मूळ टंक लागायचा, आणि रेड हॅटमध्ये तो टंक पुरवणारा एक वेगळा फॉन्ट सर्व्हर असायचा. डिस्क काठोकाठ भरली किंवा लाइट जाऊन फॉन्टची यादी खराब झाली, की फॉन्ट सर्व्हर उठायचा नाही, टंक नाही म्हणून एक्स उठायचा नाही. डिस्प्ले कार्ड शाबूत, मॉनिटर शाबूत, आणि पडदा उघडझाप करत राहणार, कारण इनिट प्रोग्रॅम त्याला परत परत उठवायचा प्रयत्न करतो. दहाएक वेळा आपटल्यावर इनिटच कंटाळून पाच मिनिटं थांबतं. त्या पाच मिनिटांत लॉगिन करायचं. किंवा मशीन सुरू होताना लायलो या बूट लोडरच्या प्रॉम्प्टवर ‘लिनक्स ३’ लिहून थेट टेक्स्ट पडद्यावर उतरायचं, डिस्कवरची जागा मोकळी करायची, फॉन्टची यादी नव्यानं बनवायची.

हवेचाही वाटा होता. खाडीचा खारा दमट वारा आणि टीटीसीतल्या रासायनिक कारखान्यांची हवा यांत तांब्याची टोकं फार लवकर काळवंडतात. दोन पावसाळे काढलेलं डिस्प्ले कार्ड अधूनमधून हँग होतं, लॉगमध्ये काहीच सापडत नाही. कार्ड काढा, सोनेरी दातांवरून शाळेतला खोडरबर फिरवा, परत घट्ट बसवा. पुण्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंना हे पटायचं नाही. टीटीसीतल्या पावण्याला येऊन पाहा, म्हणायचे मी.

फॉन्टच्या या भानगडीतूनच मराठीचा विषय आमच्या दारात आला. ग्राहक विचारायचे, लिनक्सवर मराठी दिसेल का? जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत तेव्हा याच प्रश्नावर काम चाललं होतं. ‘इंडिक्स’ हा त्यांचा प्रकल्प. देवनागरीत अक्षरं एकामागे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी आधी काढावी लागते, जोडाक्षर जुळवावं लागतं, रफार उडवून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. इंडिक्सवाल्यांनी ही जुळणी थेट एक्सच्या पोटात घातली, म्हणजे त्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला मराठी-हिंदी आपोआप यावी. याच संस्थेत र. कृ. जोशी होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘मंगल’ टंकाचे रचनाकार, कवी आणि अक्षरांवर आयुष्य वेचलेला माणूस. दुसरीकडे व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शाह आणि त्यांच्या इंडिकट्रान्सच्या मंडळींनी ‘गार्गी’ हा खुला देवनागरी टंक उपलब्ध करून दिला. २००३ साली एनसीएसटी सीडॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनसमोर, रेनट्री मार्गावरचा सीडॅकचा परिसर आज त्याच वारशाचा आहे, आणि तिथून जाताना मला दर वेळी इंडिक्स आठवतं.

इंडिक्सचा विचार मोठा होता, पण इतिहासानं वळण दुसरीकडे घेतलं. अक्षरजुळणी एक्सच्या बाहेर, पँगोसारख्या लायब्ररींत, प्रोग्रॅमच्या बाजूला गेली. २००४ साली रेड हॅटनं ‘लोहित’ टंक खुले केले आणि मराठी हळूहळू सीडीवरच बसून यायला लागली. आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांच्या नजरेनं बघितलं तर हे वळण बरोबर होतं. अक्षरजुळणी एक्सच्या पोटात असेल तर एका वाईट फॉन्टनं सगळा पडदा घेऊन जायचा. तीच जुळणी प्रोग्रॅमच्या बाजूला असेल तर तो एक प्रोग्रॅम मरतो, बाकी पडदा उभा राहतो. तरीही ज्यांनी आधी करून दाखवलं त्यांचं नाव पुसलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मराठी पडद्यावर धड दिसू शकते हे आम्ही प्रथम त्यांच्यामुळे पाहिलं.

पुढची वर्षं झपाट्यानं गेली. २००४च्या सुरुवातीला एक्सफ्री८६नं परवान्याच्या अटी बदलल्या आणि बहुतेक सगळे लिनक्सवाले एक्स.ऑर्गकडे सरकले. आमच्यासाठी बदललं ते लॉगचं नाव : आता एक्सऑर्ग.०.लॉग. एलसीडी मॉनिटर आले, ते स्वतःची ओळख स्वतःच सांगतात, मोडलाइनची गरज गेली. सर्वांत मोठी गोष्ट घडली मार्च २००९मध्ये, कर्नेल २.६.२९मध्ये. मोड लावण्याचं काम इंटेलच्या चिपसेटपुरतं कर्नेलनं स्वतःकडे घेतलं, मग बाकीच्यांचं. एक्स आता कार्डाच्या रजिस्टरांत हात घालेना. तो कोसळला तरी टेक्स्ट पडदा स्वच्छ परत यायला लागला. ज्यानं शीळ घालणारे मॉनिटर ऐकले नाहीत त्याला याचं महत्त्व कळणं कठीण. पुढे तर एक्सला रूटचा अधिकारही लागेनासा झाला.

या काळात एक दुखणं मात्र वाढलं : कंपन्यांचे बंद ड्रायव्हर. कर्नेल अपडेट झालं, ड्रायव्हरचं मॉड्यूल जुन्याच कर्नेलसाठी बनलेलं, रीस्टार्ट केलं की पडदा काळा. महाप्याच्या एका डिझाइन ऑफिसात सोमवारी सकाळी सगळी ओळच्या ओळ अशी बसलेली मी पाहिली आहे. उपाय कठीण नाही. बूट मेनूतून जुनं कर्नेल निवडा, किंवा ‘नोमोडसेट’ देऊन साध्या पडद्यावर या, मॉड्यूल नव्यानं बांधा. पण ज्याचा सोर्सच आपल्याकडे नाही त्याच्या आत कुठे बिघडलं हे कोणत्याही लॉगमधून कळत नाही. खुल्या ड्रायव्हरमध्ये आम्ही ओळ वाचून कारण सांगू शकत होतो. बंद ड्रायव्हरपुढे नुसता आवृत्तीचा आकडा बदलून बघायचा. एवढ्या वर्षांच्या अनुभवातून माझं मत पक्कं झालं आहे : ऑफिसचं मशीन घेताना कार्डाचा वेग नंतर पाहा, आधी त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे का ते पाहा.

मग वेलँड. क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलेली ही नवी पद्धत. २०१६च्या नोव्हेंबरात फेडोरा २५नं ती आपणहून लावली, उबुंटूनं १७.१०मध्ये आणली, १८.०४मध्ये मागे घेतली, २१.०४मध्ये परत आणली. ऑक्टोबर २०२५च्या उबुंटूत नोम या डेस्कटॉपचं एक्सवरचं सत्र उरलंच नाही. वेलँडमध्ये खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम तोच डिस्प्ले सर्व्हर. यात सुरक्षितता आहे, एक प्रोग्रॅम दुसऱ्याचा कीबोर्ड चोरून ऐकू शकत नाही. पण मांडणारा कोसळला की त्याच्याबरोबर उघडे सगळे प्रोग्रॅम जाण्याचा धोका आहे. एक्सवर नोमची शेल अडकली तर आल्ट-एफ२ दाबून ‘आर’ लिहिलं की ती नव्यानं उभी राहायची, खिडक्या जागेवर. वेलँडवर ते करता येत नाही. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी यावर चांगलं काम केलं आहे. त्यांच्या प्लाझ्मा ६वर कॉम्पोझिटर, म्हणजे हा मांडणारा, पडला तरी क्यूट ६वर बांधलेले प्रोग्रॅम तग धरतात. बाकीच्यांनीही हे लवकर करावं.

लॉगची जागाही बदलली. आता जर्नलसीटीएल आणि कोअरडम्पसीटीएल या आज्ञा. माझ्याकडे नेरुळची एक मुलगी काम शिकते. ती ‘मागच्या बूटचा जर्नल’ काढून कोसळल्याचा क्षण सेकंदापर्यंत दाखवते आणि कोअर डम्पमधून कोणत्या फंक्शनमध्ये मेलं तेही सांगते. आम्हाला हे स्वप्नात नव्हतं. परवा तिनं मला विचारलं, “मॅडम, हा केव्हीएम स्विच लावला की पडदा ६४० बाय ४८०वरच का अडकतो?” अनेक मशीनांना एकच मॉनिटर जोडणारा तो स्विच मॉनिटरची ओळख पुढे पोचू देत नव्हता. मी कागद घेतला, ६५ मेगाहर्ट्झ, १३४४, ८०६ असे आकडे मांडून तिला तो भागाकार करून दाखवला. मग ‘सीव्हीटी’ आज्ञेनं नवी मोडलाइन काढून लावली.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली. तेव्हापासून छोट्या ऑफिसांतून, क्लासमधून, एक-दोन शाळांतून जुनी मशीनं आमच्याकडे लिनक्ससाठी येत आहेत. विंडोज ११ त्यांवर चढत नाही आणि नवी घ्यायला पैसे नाहीत. दहा-बारा वर्षांची डिस्प्ले कार्डं, कंपन्यांनी ज्यांचे ड्रायव्हर सोडून दिले आहेत अशी. ती आम्ही कर्नेलमधल्या खुल्या ड्रायव्हरवर चालवतो, आधी खोडरबर फिरवून. प्रत्येक मशीनच्या कॅबिनेटला आतून एक कागद चिकटवतो : कार्डाचं नाव, चालणारं कर्नेल, सत्र एक्सचं की वेलँडचं, आणि काळ्या पडद्यातून टेक्स्टवर कसं यायचं त्या कळा. मराठीत लिहितो, म्हणजे आम्ही नसलो तरी शाळेतल्या बाईंना ते वाचून करता येतं.